भिंतीवरचे व्यंग आणि बाजारातले मोल



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना चित्र काढण्यापेक्षाही चित्र पाहण्यास अधिक शिकविले. म्हणून आजच्या विषयाची निवड करताना मी चित्र कसे काढावे याकडे न वळता, चित्र काय म्हणते आणि त्याचे पैसे किती येतात, या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध तपासण्याचे ठरविले. या गावातले जुने वाडे पाडून त्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. माळ्यावरची, देवघरातली, ओसरीवरची चौकटीतील चित्रे खाली उतरविली जात आहेत आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी दारोदार फिरत आहेत. ‘या चित्राचे काय येतील?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. ‘हे चित्र काय सांगते?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझे म्हणणे असे की, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर पहिल्याचे उत्तर नेहमी समोरच्या व्यापाऱ्याच्या सोयीचे असते.

प्रथम छापचित्र म्हणजे काय ते स्पष्ट करतो. दगडावर, लाकडावर, लिनोलियमवर किंवा रेशमी जाळीवर चित्राचा ठसा तयार करून त्यावरून अनेक प्रती काढल्या की ते छापचित्र होय. रंगविलेले चित्र एकच असते. छापचित्राचा जन्मच मुळी अनेकांच्या हाती जाण्यासाठी असतो. उलट बाजारभावाचा जीव दुर्मिळतेत असतो. व्यंगचित्राच्या बाबतीत ही ओढाताण अधिकच तीव्र होते; कारण व्यंग हे बहुतेक वेळा श्रीमंतीवर, सत्तेवर किंवा बाजारावरच रोखलेले असते, आणि कालांतराने ते विकत घेतात तेही श्रीमंत, सत्ताधीश आणि बाजारच.

आपल्या गावापासून आरंभ करू. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात, नंतर मुंबई राज्यात होता. दक्षिण मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडलाच होते. त्याच इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे, नाटक मंडळ्या आणि चित्रे याच लोहमार्गाने येथे उतरली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखान्याची उभारणी केली. देवादिकांच्या चित्रांबरोबरच पेशवाईतील पुरुषांची चित्रे तेथून शिळाछापावर निघत. ‘केसरी’ निघण्यापूर्वीच ही चित्रे निघू लागली होती, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अक्षरओळख नसलेल्या घरातही नाना फडणवीसांचे चित्र टांगता येत होते, आणि ते टांगणे हे त्या काळी अगदीच निरुपद्रवी कृत्य नव्हते.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. दर रंगाला वेगळा दगड, एकावर एक अनेक छाप, त्यावर वार्निशाचा हात आणि तैलचित्राचा भास यावा म्हणून कागदाला दिलेला कॅनव्हाससारखा पोत, अशी ही प्रक्रिया होती. त्या छापांना ओलिओग्राफ म्हणत. दुर्गदबैलच्या दुकानांतून, वकिलांच्या कचेऱ्यांतून आणि माजघरांतून हीच लक्ष्मी-सरस्वती वर्षानुवर्षे विराजमान होती. काही हौशी गृहिणी चित्रातल्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि मणी शिवून घेत. आज संग्राहक अशाच प्रतींच्या मागे असतात. ज्या हातांनी ती जर शिवली त्यांची नावे कोणत्याही लिलावाच्या सूचीत येत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता व्यंगाकडे येतो. परकीय राजवटीत उघड व्यंग करणे धोक्याचे होते. तेव्हा पुराणकथेआडून बोलण्याची युक्ती निघाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत पारतंत्र्यातील देश पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचक व सैरंध्री हा विषय रविवर्म्यांनीही चितारला होता. ज्या घरातील माणसांनी ते नाटक पाहिले वा त्याविषयी ऐकले असेल, त्यांच्या भिंतीवरील कीचक नाटकानंतर तोच राहिला असेल काय? कागद तोच, रंग तेच. पण अर्थ पालटला. माझ्या मते चित्राच्या अर्थाचा मोठा भाग कागदावर नसतो, तो पाहणाऱ्याच्या मनात आणि त्या वर्षीच्या वर्तमानपत्रात असतो. व्यंगचित्राच्या बाबतीत तर हे सर्वस्वी खरे आहे. प्रसंग विसरला की व्यंग विझते आणि उरते ते केवळ एक विनोदी तोंड.

उघड व्यंगाची छापचित्रे बंगालमध्ये गगनेंद्रनाथ ठाकुरांनी काढली. ‘बिरूप वज्र’ आणि ‘अद्भुत लोक’ हे त्यांचे शिळाछापाचे संच १९१७ चे, ‘नव हुल्लोड’ १९२१ चा. विलायती पोशाखातला बाबू, दांभिक ब्राह्मण, इंग्रजांच्या पायाशी लोळण घेणारा प्रतिष्ठित, असा त्यांचा रोख स्वतःच्याच समाजावर होता. आज गगनेंद्रनाथ आणि रविवर्मा हे दोघेही भारत सरकारने ‘राष्ट्रीय कलानिधी’ ठरविलेल्या मोजक्या चित्रकारांत आहेत, त्यामुळे त्यांच्या कलाकृती देशाबाहेर विकता येत नाहीत. दरबारी लोकांची टर उडविणारा चित्रकार शेवटी सरकारदरबारी निधी ठरला, यातील व्यंग गगनेंद्रनाथांना नक्कीच आवडले असते.

माझ्या विवेचनाचा मुख्य आधार मात्र चित्तप्रसाद हा आहे. जन्म १९१५ चा, बंगालमधला. १९४६ नंतरचे जवळजवळ सर्व आयुष्य मुंबईत अंधेरीला काढलेला हा माणूस. कम्युनिस्ट पक्षासाठी त्यांनी भित्तिचित्रके, फलक आणि बोचरी व्यंगचित्रे काढली. धान्य दडवणारा सावकार, फुगलेल्या पोटाचा काळाबाजारवाला, गोऱ्या साहेबाच्या तालावर नाचणारे पुढारी हे त्यांचे विषय होते. माध्यम निवडले तेही लिनोकट, म्हणजे जमिनीवर अंथरण्याच्या लिनोलियमचा तुकडा आणि एक कोरणी. मोठे यंत्र नको, मोठा छापखाना नको. हातानेही छाप घेता येतो. चित्र मजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचावे हाच त्यामागचा हेतू. अशा चित्रावर ‘इतक्या प्रतींपैकी अमुक क्रमांकाची’ असे लिहिण्याचे कारणच काय?

बंगालच्या दुष्काळात त्यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून जी रेखाटने केली, त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली. तीत व्यंग नव्हते, डोळ्यांनी पाहिलेली उपासमार होती. ब्रिटिश सरकारने तिच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून २०११ साली दिल्लीतील एका कलादालनाने तिची हुबेहूब आवृत्ती काढली. १९७८ साली चित्तप्रसाद निवर्तले तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता. आता त्यांचे लिनोकट मोठमोठ्या कलादालनांत काचेआड आहेत. सरकारने प्रती नष्ट केल्या त्या अर्थाच्या भीतीने. पण त्या नाशामुळे उरलेली प्रत दुर्मिळ झाली आणि दुर्मिळतेमुळे मोल चढले. अर्थ नाहीसा करण्याचा प्रयत्न असा किमतीच्या खात्यावर जमा झाला.

याच्या नेमके उलट घडलेला एक प्रसंग परदेशातला आहे आणि तो आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातून पुढे आलेला, बँक्सी या टोपणनावाने वावरणारा चित्रकार रात्री भिंतींवर स्टेन्सिल ठेवून रंगाचा फवारा मारतो. पोलीस येण्यापूर्वी काम उरकावे म्हणून स्टेन्सिल. आपल्याकडे निवडणुकीत भिंतीवर चिन्ह उमटविणारे कार्यकर्ते हेच तंत्र वापरत आले आहेत. त्यात अद्भुत असे काही नाही. अद्भुत आहे ते त्याचे विषय आणि पुढची कहाणी. त्याच भिंतीवरील चित्रांची स्क्रीन प्रिंटिंगने काढलेली कागदी छापचित्रे तो विकू लागला. ‘मोरॉन्स’, म्हणजे ‘मूर्ख’, हे त्यांपैकी एक.

या चित्राचा अर्थ नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. १९८७ च्या मार्चमध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात व्हॅन गॉगचे ‘सूर्यफुले’ हे चित्र २ कोटी ४७ लाख ५० हजार पौंडांना विकले गेले. एका जपानी विमा कंपनीने ते घेतले. हयातीत चित्रे जवळजवळ विकलीच गेली नाहीत अशा चित्रकाराला मरणोत्तर मिळालेली ही रक्कम त्या वेळी उच्चांक ठरली. बँक्सीने त्या लिलावाचे छायाचित्र समोर ठेवून आपले चित्र रचले. व्यासपीठावर लिलाव पुकारणारा, खाली दाटीवाटीने बसलेले धनिक, सारे तेच. मात्र सोनेरी चौकटीत सूर्यफुलांऐवजी एक वाक्य आहे. असला कचरा तुम्ही मूर्ख लोक खरोखरच पैसे मोजून घेता यावर माझा विश्वास बसत नाही, असा त्याचा आशय. शब्द मुळात याहून ओंगळ आहेत. शाळेच्या सभागृहात त्यांचे भाषांतर मी करीत नाही.

येथे नेम कोणावर आहे? लिलावात बसलेल्यांवर, हे उघड आहे. पण हे छापचित्र जो विकत घेतो तोही त्या खोलीत आपोआप जाऊन बसतो. ग्राहकालाच विषय करणारे व्यंग, म्हणून ग्राहकाला ते हवेसे वाटते. आपण या विनोदात सामील आहोत, त्याचे लक्ष्य नव्हे, असे समाधान त्याला चौकटीबरोबर मिळते. आपल्या तमाशातील सोंगाड्याही पुढच्या रांगेतल्या पाटलाची टर उडवितो आणि पाटीलच सर्वांत मोठी बिदागी देतो. तेव्हा हा व्यवहार आपल्याला अगदी अनोळखी नाही.

बाजारात अशा कागदाची किंमत कशी ठरते? आवृत्ती किती प्रतींची, स्वाक्षरी आहे की नाही, कागद स्वच्छ आहे की डागाळलेला, आजवर तो कोणाकोणाकडे होता, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे तो अस्सल असल्याचा दाखला आहे की नाही, यावर. बँक्सीच्या ‘गर्ल विथ बलून’ या गाजलेल्या छापचित्राच्या १५० प्रती स्वाक्षरीच्या आणि ६०० बिनस्वाक्षरीच्या निघाल्या. ठसा एकच, शाई एकच, तरी पेन्सिलीच्या एका सहीने भाव कितीतरी पट चढतो. २००८ साली त्याने ‘पेस्ट कंट्रोल’ या नावाने स्वतःचे दाखला-कार्यालय काढले. त्याच्या दाखल्याला डायनाचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो. दुसरा अर्धा कार्यालयाकडे राहतो. म्हणजे खऱ्या चित्राची ग्वाही खोटी नोट देते! विनोद आहे खरा. पण त्या दाखल्यावाचून मोठे लिलावगृह चित्राला हात लावत नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सदबीज लिलावात त्याच मुलीचे कॅनव्हासवरील चित्र सुमारे १० लाख ४२ हजार पौंडांना गेले. हातोडा पडताच चौकटीत दडविलेले यंत्र सुरू झाले आणि चित्राचा खालचा भाग चिंध्या होऊन बाहेर आला. बाजाराला मारलेली ही चपराक बाजाराने मोठ्या प्रेमाने झेलली. तीनच वर्षांनी, २०२१ च्या ऑक्टोबरात, त्या चिंध्यांसह तेच चित्र सुमारे १ कोटी ८५ लाख ८० हजार पौंडांना विकले गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मोरॉन्स’च्या ५०० प्रतींच्या आवृत्तीतील एक प्रत काही संगणक-व्यावसायिकांनी ९५,००० डॉलरना विकत घेतली आणि कॅमेऱ्यासमोर पेटवून दिली. जळालेल्या कागदाऐवजी त्यांनी त्याची संगणकीय मालकीची नोंद विक्रीस काढली. ती सुमारे ३ लाख ८० हजार डॉलरना गेली, आणि तीही संगणकीय चलनात. कागद नाही, शाई नाही, चित्र नाही. उरला तो केवळ ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा हक्क.

हे दोन नाश शेजारी ठेवून पाहा. चित्तप्रसादांच्या पुस्तिकेचा नाश राज्यकर्त्यांनी केला, कारण ती लोकांपर्यंत पोहोचेल ही त्यांना धास्ती होती. बँक्सीचे चित्र मालकांनी जाळले, कारण ते पोहोचण्याची कोणाला गरजच वाटत नव्हती. मालकी पोहोचली म्हणजे पुरे होते. पहिल्या कृत्यात अर्थाची दखल आहे, शत्रूने घेतलेली का होईना. दुसऱ्यात अर्थाला कोणी विचारलेच नाही. गंमत अशी की, ‘मोरॉन्स’ या चित्राने जे सांगितले होते ते त्या ज्वाळांनी अधिक स्पष्टपणे सांगितले. म्हणून त्या कृत्याला निव्वळ मूर्खपणा म्हणायला माझे मन धजत नाही. तरीही दोन्हींपैकी कोणत्या चित्रकाराचे भाग्य थोर, असे विचाराल तर मी अंधेरीच्या माणसाकडे बोट दाखवीन.

ज्याला बाजारभाव नाहीच असे रस्त्यावरील व्यंगही आपल्या राज्यात झाले आहे. २०१५ साली बेंगळूरुमध्ये बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने रस्त्यातल्या पाण्याने भरलेल्या मोठ्या खड्ड्यात एक कृत्रिम मगर आणून सोडली. सुमारे ६,००० रुपये त्यांनी पदरचे खर्च केले. मगरीची छायाचित्रे देशभर छापून आली आणि खड्डा बुजविला गेला. २०१९ मध्ये त्यांनी अंतराळवीराचा पोशाख घातलेला मनुष्य खड्ड्यांच्या रस्त्यावरून चंद्रावर चालावा तसा चालविला. या मगरीचे मोल कशात मोजायचे? बुजलेल्या खड्ड्यात. हुबळी-धारवाडच्या रस्त्यांवरून आज येथवर आलेल्या श्रोत्यांना हे मोजमाप समजावून सांगावे लागणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. कर्नाटकात सार्वजनिक जागेवर विनापरवाना चित्र रंगविणे वा चिकटविणे हा १९८१ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कायदा व्यंग आणि जाहिरात यांत भेद करीत नाही. दुसरे असे की, लेखनाधिकार कायद्यात १९९४ साली एक कलम आले. त्यानुसार मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो; हा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. त्या कलमात रंगचित्र, शिल्प आणि रेखाचित्र यांची नावे आहेत. ठशावरून काढलेल्या छापाचे नाव नाही. गरिबांसाठी म्हणून जो चित्रकार छापचित्राची वाट धरतो, त्यालाच हे कलम उघडपणे ओळखत नाही. ही उणीव दूर व्हावयास हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी रीतीने देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. आजीच्या देवघरातला ओलिओग्राफ सामानात घालून विमानतळावर जाण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

आता त्या नेहमीच्या प्रश्नाकडे येतो. २०२३ साली मुंबईच्या पंडोल लिलावगृहात रविवर्म्यांचे यशोदा-कृष्णाचे तैलचित्र ३८ कोटी रुपयांना गेले, आणि त्यानंतर आपल्या माळ्यावर कोट्यवधींचे घबाड असल्याचा समज पुष्कळांनी करून घेतला. तो सोडून द्यावा. ते हाताने रंगविलेले एकमेव चित्र होते; आपल्याकडे असतात ते छाप. भिंगातून पाहा. शिळाछापात रंगाचे बारीक, अनियमित ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतील. अलीकडच्या यांत्रिक नकलेत ठिपक्यांची कवायतीसारखी शिस्तबद्ध रांग दिसेल. चित्राच्या तळाशी छापखान्याचे नाव, कधी चित्राचा क्रमांक असतो. चौकट बदलताना सुतार किंवा काचवाला कडा कापून टाकतो, तेव्हा नेमकी हीच ओळ जाते आणि तिच्याबरोबर किमतीचा मोठा हिस्साही जातो. चित्र पुठ्ठ्याला खळीने चिकटविलेले असेल तर घरी सोडविण्याचा प्रयत्न करू नये. कसर लागली असेल तर ऊन दाखवू नये, कारण उन्हाने आधी लाल रंग उडतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये.

आणि किमतीची चौकशी करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे. हे चित्र कोणी आणले, कोठून, कोणत्या वर्षी, ते कोणत्या भिंतीवर होते, त्याच्याकडे पाहून मोठी माणसे काय बोलत, हे विचारून चित्रामागे चिकटवू नये, तर स्वतंत्र कागदावर लिहून ठेवावे. लिलावगृहे याच माहितीला मालकीचा इतिहास म्हणतात आणि तिचे पैसे देतात. व्यंगचित्र असेल तर ते कोणावर आहे हे सांगणारी ती बहुधा शेवटचीच व्यक्ती असते. अशा नोंदी आणि चित्रांची छायाचित्रे ठेवण्यासाठी शाळेच्या ग्रंथालयात एक नोंदवही आजपासून उघडली आहे. चित्र आपल्याच घरी राहील. शाळेला हवी आहे ती केवळ नोंद. वही बाहेरच्या मेजावर आहे, आणि पहिले पान कोरे आहे.